आडात नाही, तरी पोहऱ्यात

संपादकांचा फोन आला, "मशीनवरच्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." मी हो म्हणून बसले. आता लिहायला घेतलं तर गमती दोन-तीनच आठवतात आणि त्याही थोडं पुढे गेल्या की भलतीकडे वळतात. तेव्हा ज्यांना हलकंफुलकंच हवं आहे त्यांनी सरळ फराळाच्या पाककृतींचं पान उघडावं. मला राग येणार नाही.

मी एमआरआयवाली. बऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळ एका तपासणी केंद्रात हे मशीन आलं, तेव्हापासून परवा निवृत्त होईपर्यंत मीच ते चालवलं. गावात मला 'चुंबकवाल्या मॅडम' म्हणतात. आमचा भाजीवाला अजून चेष्टा करतो, "मॅडम, लांबून बोला, तराजू खेचल्या जाईल." पुण्या-नागपूरच्या वाचकांना सांगून ठेवते, आमच्या हिंदी मुलखातही मराठी बोलणारी घरं पुष्कळ आहेत. फक्त आमच्या मराठीला हिंदीची फोडणी असते. तिचा ठसका लागला तर पाणी प्या, कारण पुढची माणसं तशीच बोलणार आहेत.

एमआरआय म्हणजे एक भलंमोठं चुंबक, मधोमध माणूस सरकवता येईल एवढा बोगदा असलेलं. आपल्या अंगात जिकडेतिकडे पाणी. चुंबक आणि रेडिओच्या लहरी मिळून त्या पाण्याला डिवचतात, पाणी उलट उत्तर देतं, आणि त्या उत्तरांवरून संगणक आतलं चित्र काढतो. सुई नाही, कापाकापी नाही, क्ष-किरण नाहीत. जाच तीनच. लोखंड आत न्यायचं नाही, कान किटतील असा आवाज सोसायचा, आणि सगळा वेळ निपचित पडून राहायचं. डोकं जरासं हललं की चित्र फिसकटतं.

लोखंडाबाबत लोक खोटं बोलतात. एका कापडवाल्या शेटजींनी देवाची शपथ घेऊन सांगितलं की अंगावर काही नाही. तंबाखूचा विरह सोसवेना म्हणून चुन्याची पत्र्याची डबी तेवढी कनवटीला ठेवली होती. आत पाऊल टाकलं आणि डबी उडून मशीनला चिकटली. तिच्यामागोमाग धोतर सुटलं. शेटजी दोन्ही हातांनी धोतर धरून मला विचारतात, "मॅडम, डबी वापस मिळेल ना?" मिळाली, पण मशीन अर्धा दिवस बंद राहिलं आणि मालकांनी ऐकवलं ते मला.

लहान मुलांच्या अंगावर निघायचे ताईत. काळे दोरे, घोड्याच्या नालेच्या अंगठ्या, कमरेला खिळा. मी स्टीलच्या वाटीऐवजी प्लॅस्टिकच्या वाटीत ते काढून ठेवायची. माझा अनुभव असा की पोरगं जितकं कमी बोलतं तितके त्याच्या अंगावर ताईत जास्त. इथून पुढे गमती संपल्या.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातले संशोधक आमच्या केंद्रात आले. त्यांचं काम ऑटिझम असलेल्या मुलांवर होतं. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. ही मुलं स्वतःत मग्न असतात असं मला कधी दिसलं नाही. उलट बाहेरचं सगळं त्यांच्या अंगावर एकदम कोसळत असतं, आणि ती बिचारी कान झाकून घेतात. तर या डॉक्टरांना बघायचं होतं की जनुकांमध्ये, म्हणजे आईबापांकडून पोराला मिळणाऱ्या त्या बारीक मजकुरात, कुठे बदल असला तर मेंदूच्या घडणीत काय फरक पडतो. त्यासाठी आई, बाप आणि मूल तिघांचं रक्त तपासायला पाठवायचं आणि मुलाच्या मेंदूचं चित्र आमच्या मशीनवर काढायचं. निमाड आणि खानदेशातल्या घरांना आमचं केंद्र जवळ पडतं, म्हणून आमच्याकडे. रविवारी नेहमीचे पेशंट बंद आणि ही मुलं यायची.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण ती मी शेकडो आईबापांना सांगितली आणि एकालाही पटली नाही. एका मुलाच्या मेंदूचं चित्र बघून त्याला ऑटिझम आहे की नाही हे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. चित्र बहुतेक वेळा तुमच्याआमच्यासारखंच दिसतं. पुष्कळ मुलांची चित्रं एकावर एक ठेवली, हिशेब मांडला, तर कुठे मेंदूची वरची साल थोडी जाड, कुठे जोडणी थोडी विरळ, असा केसाएवढा फरक हाती लागतो. तो विज्ञानाला उपयोगी. समोर बसलेल्या आईला त्याचा आज काही उपयोग नाही. पण स्कॅन संपला की आई काचेशी यायची आणि विचारायची, "मॅडम, दिसलं का?" मी नाही म्हणायची. तिला वाटायचं, मी लपवते आहे.

अभ्यासाचा नियम असा की भूल द्यायची नाही. जी मुलं न्हाव्यापुढे बसत नाहीत, त्यांनी या ढणढणाटात निपचित पडायचं. कितीतरी मुलं दारातूनच परत गेली. एक पॉवरलूमवाल्यांचा मुलगा मात्र आत सरकवला आणि झोपला. मी घाबरून स्कॅन थांबवला, तर आवाज बंद होताच जागा होऊन रडायला लागला. त्याचा बाप म्हणाला, "मॅडम, लूम चालू राहू द्या ना, तो लूमच्या बाजूलेच झोपते." बाकीच्यांना मी मशीनचा आवाज मोबाइलवर भरून द्यायची आणि घरी सराव करून घ्यायला सांगायची. घरी जाऊन तो किती जण करत असतील हे मला ठाऊक होतं.

सुनंदाने केला. तापीपलीकडे जैनाबादला तिचं सासर, घरचे केळीचे बागायतदार, खाऊनपिऊन सुखी. माहेर असीरगडच्या पायथ्याशी. तिचा हर्षल आठ-नऊ वर्षांचा, बोलायचा नाही, गोरागोमटा, लांब पापण्यांचा. तिने खाटेवर गोधड्या टाकून खाली बोगदा केला, हर्षलला रोज त्यात निजवलं आणि उशाशी मी भरून दिलेला मशीनचा आवाज लावला. सासू आधी हसली. मग स्वतःच खाटेपाशी बसून परातीवर ठकठक वाजवू लागली. सासूला घरीदारी सगळे जिजी म्हणतात. बाई तोंडाची तिखट, पण नातवावर जीव. हर्षल कुणाच्याही हातून जेवायचा नाही, आईच्यासुद्धा नाही. जिजीने वरणभात कुस्करून घास पुढे केला की चिमणीच्या पिलासारखं तोंड उघडायचा.

स्कॅनच्या दिवशी सगळं घर आलं. जिजी, मुलगा भागवत, सुनंदा, हर्षल. मी डोक्याभोवती चित्र टिपणारा पिंजरा लावला, कानात बोळे घातले, आणि पोरगं एवढा वेळ असं पडून राहिलं की मोठी माणसं पडत नाहीत. बाहेर आल्यावर त्याने मशीनच्या आवाजाची हुबेहूब नक्कल केली, टर्र ठक ठक टर्र. जिजी म्हणाली, "पाहा, माह्या नातवाले सगळं समजते." मलाही त्या दिवशी फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

सुनंदा मागे राहिली. मला वाटलं, आता विचारेल, दिसलं का. तिने वेगळंच विचारलं.

"मॅडम, रक्तातून कळेल ना, कोणाकडून आलं ते?"

मी म्हटलं, "कधी कळतं, कधी नाही. तुला कशाला हवंय?"

"जिजी म्हणतात, आमच्या सात पिढ्यांत असं नही झालं. ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणतात. माहेरचं रक्त म्हणतात. लेकरू पडलं तरी माह्यामुळे, ओरडलं तरी माह्यामुळे. मले फक्त एवढं कळून घ्यायचं हाय."

"आणि तुझ्याकडूनच आलेलं निघालं तर?"

तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "मंग गप बसीन. आत्ता बी गप बसते, पण आतून बोलत राह्यते ना मी."

मी तिला सांगायला हवं ते सगळं सांगितलं. असं कुणाकडून आलं तरी तो दोष नसतो. नाकडोळे येतात तसं ते येतं, कुणी मुद्दाम देत नाही. तिने मान डोलावली. तिला माझं व्याख्यान नको होतं, निकाल हवा होता.

निकालाला दीड-दोन वर्षं गेली. मध्ये करोनासारखं काही नव्हतं, कामच तसं सावकाश चालतं. मग संशोधकांकडून कळलं की हर्षलच्या रक्तात बदल सापडला आहे, दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासून पक्का केला आहे, आणि आईबापांना तो समजावून सांगायचा आहे. समजावणारी मुलगी त्यांच्या शहरातून पडद्यावर बोलणार, हिंदीतून. काही अडलं तर मराठीत सांगायला मी शेजारी. त्यांची रीत अशी की आधी फक्त आईबापांना सांगायचं; पुढे कुणाला सांगायचं ते त्यांनी ठरवावं. पडद्यावरच्या मुलीने तसं दोनदा बजावलं. सुनंदा ऐकेना. "जिजीसमोरच सांगा," ती म्हणाली. "मी घरी जाऊन सांगितलं तर मीच बनवून सांगितलं म्हणतील."

खरं सांगायचं तर मलाही तिचं पटलं. आमच्याकडे घरातली कुठलीही मोठी गोष्ट वडीलधाऱ्यांच्या कानावर घातल्याशिवाय झालेली धरतच नाहीत. जमिनीची वाटणी असो की मुलीचा होकार, चार माणसं बसली पाहिजेत. मग हा निकाल का नको? इतकी वर्षं सगळ्यांसमोर बोल लावले, तर सुटकाही सगळ्यांसमोर व्हावी. त्या दिवशी सुनंदा नवं लुगडं नेसून आली होती, मोरपंखी. जिजीसाठी तिने खुर्ची पुढे ओढली. हर्षल खाली बसून फरशीच्या रेघांवरून बोट फिरवत होता.

पडद्यावरची मुलगी चांगली होती, शांत होती. तिने कागदावर चित्रं काढून दाखवली. मग म्हणाली, "यह बदलाव मम्मी में नहीं है। पापा में भी नहीं है। बच्चे में नया बना है। इसमें किसी की गलती नहीं।"

सुनंदाने डोळे मिटून घेतले. ओठ हलले, बहुधा देवाचं नाव असावं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, चला, एवढ्या वर्षांत या चुंबकाने एका बाईचं तरी भलं केलं.

जिजी माझ्याकडे वळली. "काय म्हणते ते? मराठीत सांगा."

मी सांगितलं. आईकडून आलेलं नाही, बापाकडूनही नाही. बाळ घडताना त्याच्यातच नव्याने झालं.

"भागवतकडून नही?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

"हिच्याकडून बी नही."

"नाही जिजी."

जिजीने सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग फरशीवर बसलेल्या पोराकडे. अगदी हळू आवाजात म्हणाली, "आडात नही तं पोहऱ्यात कुठून येईल?"

मला तर क्षणभर ती नुसती म्हण वाटली. मग तिने पुढचं विचारलं.

"माह्या भागवतकडून नही आलं, हे मशीननंच सांगितलं ना? मंग हा कोणाचा आहे?"

मी आयुष्यात इतक्या घाईने इतकं बोलले नसेन. हीच तपासणी सांगते की भागवतच हर्षलचा बाप आहे; ते आधी पक्कं केल्याशिवाय बदल नवा आहे असं म्हणताच येत नाही; बाकीचं सगळं अर्धं आईचं, अर्धं बापाचं आहे, फक्त एक बारीकशी जागा नवी आहे. पडद्यावरची मुलगीही तेच हिंदीतून, दोन्ही हात हलवून सांगत होती. जिजीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही तं मशीनवाल्या. तुम्हाले तिची दया येते." आणि काठी टेकत उठली. हर्षलने सवयीने तिचा पदर धरला. तिने तो सोडवून घेतला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. सुनंदाने आपणहून सगळ्यांना बोलावलं, आपणहून खुर्ची पुढे ओढली. शिकलेल्या माणसांना वाटेल, अडाणी म्हातारी, दुसरं काय. तसं नाही. जिजीचं गणित तिच्या जागी चोख होतं. दोन्ही घरांत नाही ते लेकरात आलं, तर तिसरं घर असलंच पाहिजे. शेतात, गोठ्यात, घरात तिने जन्मभर हेच पाहिलेलं. आम्हीच तिच्यासमोर असं उत्तर ठेवलं की जे तिच्या जगात बसतच नव्हतं, आणि मग ती ते कुठे बसवते हे बघत राहिलो.

पुढच्या आठवड्यात मी भागवतला केंद्रात बोलावून घेतलं. मला वाटलं, तो कळता माणूस आहे, टिश्यूची केळी लावतो, नवी खतं वापरतो. मी त्याला त्याच्याच भाषेत विचारलं, "तुम्ही लॅबमधली टिश्यूची रोपं आणता. सगळी एकाच केळीपासून केलेली, हो ना? तरी बागेत एखादं झाड वेगळं निघतं की नाही?"

"निघते ना. ऑफ टाइप म्हणतात."

"ते काय शेजारच्या बागेतून आलेलं असतं?"

"नही. त्याच लॉटचं राहते. बनतानाच तसं होऊन जाते."

"मग?"

त्याला समजलं. त्याच्या डोळ्यांत मला दिसलं की समजलं. बराच वेळ तो टेबलाच्या कडेवर नख घासत होता. मग म्हणाला, "समजलं मॅडम. मले तिच्यावर कधी शक नव्हताच. पण जिजीले कोण समजावणार? आणि ऑफ टाइप निघालं तं आम्ही ते उपटून फेकतो. जिजीले मी ही मिसाल कशी देऊ?"

मी म्हटलं, मिसाल देऊ नका, फक्त सांगा की पोरगा माझा आहे. एवढं एक वाक्य. तो हो म्हणाला आणि गेला. ते वाक्य त्याने कधी उच्चारलं नाही. आपल्याकडे काही पुरुष असे असतात की आईसमोर त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. बाहेर ट्रकवाल्यांशी मोठमोठ्याने भांडतील, घरात शिरताना चपलेबरोबर कणाही दारात काढून ठेवतील. मला त्याचा राग त्याच्या आईपेक्षा जास्त आला आणि अजून आहे.

सुनंदाला घालवून दिलं असं कुणी म्हणणार नाही. "थोडे दिवस माहेरी राहून ये," एवढंच म्हटलं. पोरासकट. असीरगडच्या पायथ्याशी ती महिनेच्या महिने राहिली. मी एकदा गेले होते. भाऊ चांगला, वहिनीही तशी बरी. पण हर्षल जेवत नव्हता. जेवायच्या वेळी दारात जाऊन बसायचा, एखादी म्हातारी बाई रस्त्याने जाताना दिसली की उठायचा, तिच्यासमोर उभा राहून तोंड उघडायचा. लोक त्याला भुकेला समजून बिस्किटं द्यायचे. बिस्किटं तो हातात धरून ठेवायचा. अंगाने अर्धा झाला होता. दवाखान्यात सलाईन लावायला नेलं, तर ते हात बांधून लावावं लागलं.

मी संशोधकांना कळवलं. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. त्यांच्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः जिजीशी बोलायची तयारी दाखवली; जिजी फोनवर आली नाही. यापुढे निकाल सांगताना अधिक काळजी घेऊ, असं त्या म्हणाल्या. चांगली गोष्ट आहे. पुढच्या सुनंदाला तिचा उपयोग होईल.

मग एक दिवस सुनंदा केंद्रात आली. एकटी. हर्षलला वहिनीपाशी ठेवून आली होती. माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मॅडम, जिजीले सांगा, दुसऱ्यांदा तपासलं. माह्याकडून आलं म्हणा."

मला आधी कळलंच नाही ती काय मागते आहे.

"पहिले माह्या रक्ताचा दोष होता, पण पोरगा त्यांचा होता," ती म्हणाली. "आता दोष कोणाचाच नही आणि पोरगा बी कोणाचा नही. तो दोष मले वापस द्या."

मी तिला म्हटलं, असं खोटं सांगता येत नाही, संशोधक सांगणार नाहीत, मीही सांगणार नाही. तिने वाद घातला नाही. म्हणाली, "तुम्ही नका सांगू. मीच सांगते. फक्त कधी जिजीनं विचारलं तं नही म्हणू नका." आणि माझ्या उत्तराची वाट न बघता उठली. तिने तसं सांगितलं. जैनाबादला जाऊन जिजीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सांगितलं, पहिल्या वेळी मशीनची गलती झाली होती, आता पक्कं कळलं, माझ्याच माहेरच्या रक्तातून आलं. दुसऱ्या दिवशी भागवत गाडी घेऊन असीरगडला गेला आणि दोघांना घेऊन आला. म्हणजे गाडी होती, रस्ता होता, सगळं आधीपासून होतं.

मला हे सगळं पुढे कळलं. निवृत्तीच्या थोडं आधी जिजी गुडघ्याचा एमआरआय काढायला आली तेव्हा. सोबत सुनंदा. तिने जिजीच्या पाटल्या काढल्या, अंबाड्यातल्या पिना काढल्या, आधार देऊन टेबलावर निजवलं. मी गुडघा पट्ट्यांनी बांधत होते. जिजी म्हणाली, "लवकर सोडजा मॅडम, पोरगा घरी उपाशी राहते. माह्याशिवाय घास घेत नही."

"बरं," मी म्हटलं.

"ते पोराचं शेवटी सूनकडूनच निघालं ना?"

सुनंदा पायाशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. जिजीच्या पायावरची चादर सारखी करत राहिली. मी जन्मभर या खोलीत जे दिसतं तेच सांगितलं होतं. दिसलं नाही तर दिसलं नाही म्हटलं, बाया रडल्या, पाया पडल्या, तरी म्हटलं. डॉक्टरांनी दडपून न्यायचं ठरवलेलंही एक-दोनदा तोंडावर बोलून दाखवलं, त्यापायी नोकरी जायची वेळ आली. खोटं बोलले नाही याचा मला गर्व होता, आणि गर्व करण्यासारखं माझ्याकडे दुसरं फारसं काही नाही.

"हो," मी म्हटलं.

"मी पहिलेपासून सांगू राह्यली होती," जिजी म्हणाली आणि समाधानाने डोळे मिटले. मी दार लावून घेतलं.

स्कॅन चालू असताना सुनंदा माझ्याजवळ येऊन बसली. काचेपलीकडे जिजीचे पाय दिसत होते. मी विचारलं, माहेरी जाऊन आलीस का.

"नही. दादा म्हणाला, सध्या येऊ नको. त्याच्या पोरीले पाहायले पाहुणे येऊ राहिले. लोक विचारतात ना, आत्याच्या रक्तात असं होतं म्हणून."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्या मात्र आधीच आलं असणार. खोटं सांगितलं म्हणून सासर मिळालं, आणि तेच खोटं तिच्याआधी माहेरी जाऊन पोचलं. मी तिची समजूत घालायला गेले. म्हटलं, निदान भागवतला तरी खरं काय ते माहीत आहे. मी त्याला समजावून सांगितलं होतं, त्याला पुरतं पटलं होतं.

"पटलं होतं," सुनंदा म्हणाली. तिने जिजीच्या पाटल्या रुमालात नीट बांधल्या, गाठ मारली. "आता त्यांले बी तसंच वाटते मॅडम. परवा मले म्हणाले, तुह्याकडून आलं, तरी मी तुले ठेवलं."